रेफरीबाईंचा गुडघा

६ सप्टेंबर

चि. बाळास,

तू फोन उचलतोस, "आई, जेवलीस का?" विचारतोस, आणि तिचं नाव काढलं रे काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. म्हणून आज कागद घेतला. कागदाला रेंज लागत नाही. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई आहे मी. स्टॉप आल्याशिवाय कुणाला उतरू दिलेलं नाही, तुलाही देणार नाही. शेवटपर्यंत वाच.

तुझ्या बायकोचा गुडघा गेला.

"त्याला कळवू नका हं, आई," असं तिनं मला बजावलंय. मी "बरं" म्हटलं. बरं म्हणजे ऐकलं, एवढंच.

रविवारी गोदीवाले आणि वीजवाले यांचा सामना होता. मी नेहमीसारखी थर्मास घेऊन कडेच्या बाकावर. बरोबरी चाललेली, सामना संपत आलेला. गोदीवाल्यांच्या एका पोरानं समोरच्याचा शर्ट मागून ओढला, चेंडू घेऊन सुटला आणि गोल मारला. अर्धं मैदान नाचायला लागलं. तुझी बायको मागून धावत येत होती. शर्ट ओढलेला बघून ती गर्रकन वळली. बूट गवतात रुतला तो तिथेच राहिला आणि वरची बाई फिरली. आवाज ऐकू आला असं मी म्हणणार नाही, बाक लांब आहे. पण तिचा चेहरा मला दिसला. पडता पडता तिनं शिट्टी वाजवली आणि बसल्या जागेवरून हात करून दाखवलं. गोल नाही, फाऊल.

पुढे काय झालं असेल ते तुला सांगायला नको, तू खेळलेला आहेस. "नाटक करतेय!" "अगं बाई, चष्मा लाव!" ही चष्म्याची आरोळी तर दर सामन्याला असते. ती चष्म्याच्याच दुकानात नोकरी करते हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसतं. एरवी सामना संपला की ती त्यातल्या एखाद्याला हसून दुकानाचं कार्ड देते. त्या दिवशी कार्ड द्यायला उठताच येईना. गुडघा अर्धवट वाकलेला आणि तसाच अडकलेला. ना सरळ होई, ना पुरता वाके.

स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा गोदीवाल्यांचा कप्तान ओरडत अंगावर आला. ती झोपल्या झोपल्या म्हणाली, "त्या वीजवाल्याचा शर्ट बघ जरा. मागची शिवण उसवलीय." त्यानं वळून बघितलं. उसवलेली होती. मग तोच स्ट्रेचरचा एक कोपरा धरून गाडीपर्यंत आला.

मी जन्मभर गर्दीत उभी राहून लोकांची बोलणी खाल्ली, त्यामुळे मला कळतं रे. पाय मोडल्यागत दुखत असताना, सगळे विरोधात असताना, बरोबर ते बरोबर म्हणायला काय लागतं ते.

माझी तब्येत उत्तम. माझे गुडघे आहेत तसे आहेत.

तुझी आई


१५ सप्टेंबर

प्रिय लेकास,

"कुठल्या डॉक्टरला दाखवलं?" असं तू काल फोनवर विचारलंस. गेल्या हिवाळ्यात घर सोडून गेलास तेव्हापासून तिच्याबद्दल तू बोललेलं हे पहिलं वाक्य. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तू घाबरून पळाला असतास. उत्तर इथे देते.

डॉक्टर तरणाच आहे, पण टेबलावर रबराचा गुडघा ठेवतो आणि माणसाला समजेपर्यंत सोडत नाही. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड. दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. त्याच्यामुळे हाडं एकमेकांवर न घासता सरकतात. आणि या दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या. मेनिस्कस. धक्का झेलायचा आणि अंगाचं वजन सगळीकडे सारखं पसरायचं, हे त्यांचं काम. तुझ्या बायकोची आतल्या बाजूची गादी लांबच्या लांब फाटली, फाटलेला भाग बादलीच्या कडीसारखा उलटला आणि सांध्यात जाऊन बसला. म्हणून गुडघा अडकला.

मी म्हटलं, "माझीही गादीच गेली असेल, जिना चढताना करकर वाजतं."

डॉक्टर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आजी, पाय वाकवा बघू. हं. तुमचा तर थरच झिजलाय. त्याचं आपण नंतर बोलू." नंतर बोलायची मला काही घाई नाही.

तर दोन रस्ते होते. एक, फाटलेला तुकडा कापून काढायचा. थोड्या आठवड्यांत बाई पळायला मोकळी. दुसरा, गादी जागेवर बसवून टाके घालायचे. मग कुबड्या, पट्टा, महिनोन्‌महिने व्यायाम, आणि इतकं करून टाके धरतीलच याची खात्री नाही. डॉक्टर म्हणाला, "तुमचं नशीब थोडं चांगलं आहे. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो आणि तुमची फाट तिथेच आहे. आतल्या कडेला असती तर जुळायची आशा फार कमी. पण निर्णय तुमचा."

आता हे लक्षात घे. वरच्या लीगच्या रेफरींची यादी व्हायची आहे आणि त्यासाठी पळण्याची चाचणी ऑक्टोबरच्या अखेरीस. कापून घेतलं असतं तर ती कशीबशी चाचणीला उभी राहिली असती. टाके घातले तर यंदाचा हंगाम गेला, यादीही गेली. या यादीसाठी किती वर्षं ती पहाटे पळत होती ते तुला माहीत आहे, तुझीच झोपमोड व्हायची.

तिनं एकच विचारलं. "कापलं तर पुढे काय?"

तो म्हणाला, "गादी कमी झाली की सगळा भार कूर्चेवर पडतो. आज कळणार नाही. दहा-पंधरा वर्षांनी कळण्याची शक्यता बरीच."

मला वाटलं ही "कापा"च म्हणणार. आम्ही बाहेर आलो. मी गाडीत बसताना दार धरलं, मग छप्पर धरलं, मग एक पाय हातानं उचलून आत घेतला, माझ्या रोजच्या पद्धतीनं. ती कुबड्यांवर उभी राहून बघत होती. म्हणाली, "टाके घालूया, आई. यादी दर वर्षी निघते. गादी परत मिळत नाही."

"अगं पण एवढी मेहनत..." मी म्हणाले.

"मेहनत कुठे जातेय? मला साठीतसुद्धा पळायचंय."

"तिला शिट्टीपुढे काही दिसत नाही," असं तू जाताना म्हणाला होतास. तुला तिकडे नोकरी मिळाली, तिनं एक हंगाम थांब म्हटलं, तू "शिट्टी की मी" म्हणालास आणि बॅग उचललीस. मी तेव्हा मधे पडले नाही, नवराबायकोच्या भांडणात सासूनं पडू नये. पण एवढं लिहिते, की जिला शिट्टीपुढे काही दिसत नाही ती बाई असा निर्णय घेत नाही.

काळजी घे. जेवत जा वेळेवर.

आई


९ ऑक्टोबर

अरे ठोंब्या,

दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला का, टाके किती घातले, भूल कसली दिली, एवढे प्रश्न एका श्वासात! हे सगळं तिला विचारायला तुझी जीभ झडते का? ऑपरेशन नीट झालं. दुर्बीण आत घालून केलं, त्यामुळे बाहेरून बारीक भोकं, आतली दुरुस्ती मात्र मोठी. ही एवढीशी भोकं बघून दुकानातल्या पोरी तिला विचारतात, "ताई, मग कामावर कधी?" तिला हसू येतं.

पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा आहे. चालताना पाय सरळच ठेवायचा, तेही कुबड्या घेऊन. बसल्यावर वाकवायचा, पण काटकोनाच्या पुढे नाही. मांडी इतक्या लवकर बारीक होते, मला कल्पना नव्हती. दोन पाय शेजारी ठेवले की एक तिचा आणि एक तिच्या धाकट्या बहिणीचा वाटतो.

व्यायाम शिकवायला एक पोरगी येते. वजन माझ्या जुन्या तिकिटांच्या पेटीएवढं, आवाज फौजदारासारखा. मी तिला फौजदारच म्हणते. पहिला व्यायाम काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती खाली दाबायची. बस. मला वाटलं हा कसला व्यायाम. तुझी बायको एवढी धावणारी, पण तिची मांडी ऐकेचना. ती मांडीकडे बघत होती, जणू दुसऱ्या कुणाची आहे. कपाळावर घाम. फौजदार म्हणाली, "ऑपरेशननंतर स्नायू झोपी जातो. त्याला हाक मारत राहायची." मग आमच्या घरात हाका सुरू झाल्या. चहा उकळताना हाक, बातम्या चालू असताना हाक. एका सकाळी मांडीवरची कातडी एवढीशी हलली, तर ही ओरडली, "आई, बघा बघा!" मी वाटी हातातून टाकून धावले. धावले म्हणजे माझ्या वेगानं.

फौजदारानं मला धावताना बघितलं ना. आता मलाही टॉवेल मिळालाय. सासूचा निळा, सुनेचा पांढरा. आम्ही समोरासमोर पाय पसरून बसतो आणि दाबतो. चुकलं की ती शिट्टी वाजवते. खरी शिट्टी रे, गळ्यातली! शेजारचे ड्रायव्हरकाका परवा दारात येऊन विचारून गेले, घरात सामना आहे का म्हणून.

मी ठीक. मंगळवारी बाथरूममध्ये जरा खाली टेकले होते, तेवढंच.

आई


१७ ऑक्टोबर

चि. बाळास,

ड्रायव्हरकाकांनी तुला फोन करून सांगायचं काही कारण नव्हतं. तुझे बाबा आणि ते एका डेपोत होते म्हणून त्यांना वाटतं आपल्या घराचं स्टिअरिंग त्यांच्याच हातात आहे. असो. कळलंच आहे तर नीट सांगते.

टेकले नव्हते, पडले होते. साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला आणि मी फरशीवर बसले. लागलं फारसं नाही, पण उठता येईना. गुडघ्यावर जोर दिला की डोळ्यांपुढे काजवे. कुठून जोर लावावा तेच सुचेना. मला लाज वाटली रे. ओल्या गाऊनमध्ये, पाय पसरून. मी हाक मारायचीच नाही असं ठरवलं होतं, तर कुबड्यांची टकटक दाराशी आली.

तिनं दार ढकललं, बघितलं, आणि कुणीही केलं असतं ते तिनं केलं नाही. ती मला उचलायला धावली नाही. दारातच उभी राहून विचारलं, "डोकं आपटलं का? कंबर? पाय हलवून दाखवा." दाखवले. मग म्हणाली, "आई, मी तुम्हाला उचलू शकत नाही. उचलायला गेले तर माझे टाके जातील आणि आपण दोघीही इथे बसू. आपण हे डोक्यानं करू. तुम्हाला थंडी वाजतेय का?"

टॉवेल टाकला माझ्या अंगावर. मग काय केलं, तर बाहेरचा बुटका पाट कुबडीनं ढकलत ढकलत माझ्यामागे आणला. "दोन्ही हात मागे पाटावर. पायानं नाही, हातानं जोर. बूड पाटावर." झालं. मग जरा उंच असा वेताचा मोडा सरकवला. पाटावरून मोड्यावर. मग स्वयंपाकघरातली खुर्ची. मोड्यावरून खुर्चीवर. पायरी पायरीनं मी वर आले, तिनं बोटसुद्धा न लावता. प्रत्येक पायरीला ती थांबायची. "श्वास घ्या. घाई नाही. सामना आपलाच आहे." मी रडत होते का हसत होते, मला सांगता येत नाही. दोघींचे मिळून तीन दुखरे गुडघे आणि शहाणा एकच, तिचा डावा.

मी खुर्चीवर बसल्यावर मात्र तिच्या हातातल्या कुबड्या खाली पडल्या. ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी फार घाबरले होते हो." मी म्हटलं, "दिसलं नाही." ती म्हणाली, "दिसून चालत नाही."

त्याच आठवड्यात बाथरूममध्ये दांडी बसली, पायाखाली रबराची चटई आली. मला न विचारता. मी कुरकुर केली, कारण सासू म्हणून थोडी करावी लागते.

तू "मी येऊ का?" म्हणालास. माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्यापाशी माणूस आहे.

आई


३० नोव्हेंबर

प्रिय लेकास,

यादी लागली. तिचं नाव अर्थातच नाही. तिच्या जागी एक मुलगी आली आहे, जिला हिनंच हात धरून शिट्टी वाजवायला शिकवलं होतं. ती मुलगी संध्याकाळी पेढे नाही, काही नाही, नुसती पडलेल्या चेहऱ्यानं दारात उभी. "ताई, तुमची जागा..."

तुझी बायको म्हणाली, "माझी जागा मैदानावर कुठे लिहिलेली होती? आत ये. तुझा परवाचा सामना बघितला मी. तू कॉर्नरच्या वेळी चुकीच्या बाजूला उभी राहतेस."

आणि तासभर त्या दोघी जमिनीवर माझ्या बटणांच्या डब्यातली बटणं मांडून बसल्या. पांढरी बटणं एक संघ, काळी दुसरा, आणि एक मोठं लाल बटण रेफरी. लाल बटण इकडून बघेल तर काय दिसेल, तिकडून बघेल तर काय. ती मुलगी जाताना तिच्या पाया पडायला वाकली तर ही ओरडली, "वाकू नकोस, तुला उठवायला मला वाकता येत नाही!"

मुलगी गेल्यावर ही भांडी घासायला उठली. आता कुबड्या गेल्यात, पट्टाही गेलाय. भांडी मी दुपारीच घासलेली होती. तिनं परत घासली. रडली वगैरे नाही. नळ मात्र बराच वेळ चालू होता.

मी आत गेले नाही. तुला वाटेल जायला हवं होतं. पण काही वेळा माणसाला नळासोबत एकटं सोडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली, एका पायावर उभी राहून दात घासले, व्यायाम आहे तो, आणि दुकानात गेली. तिथे एका लहान मुलीला पहिला चष्मा लागला म्हणून ती रडत होती म्हणे. हिनं तिला सांगितलं, "अगं, माझ्यावर रोज दोनशे माणसं ओरडतात की चष्मा लाव. तू तर न सांगता लावलास." पोरगी हसत घरी गेली. हे मला दुकानाच्या मालकिणीनं सांगितलं, तिनं नाही. ती स्वतःबद्दल सांगत नाही, म्हणून मला ही पत्रं लिहावी लागतात.

"ती चिडचिड करते का?" असं तू विचारलंस. करते. माझ्यावर नाही, टॉवेलवर.

आई


१९ जानेवारी

बाळा,

गुडघा सुजलाय. परवा फौजदारानं पहिल्यांदा सावकाश पळू दिलं, हिनं काल परत, न विचारता, जास्त पळून घेतलं. सकाळी गुडघा खरबुजाएवढा. ती पलंगावर बसून त्याच्याकडे बघते आहे. टाके गेले असतील तर सगळं पहिल्यापासून, किंवा मग कापणंच.

तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. उद्या डॉक्टर.

आई


२१ जानेवारी

बाळा,

टाके शाबूत आहेत. डॉक्टरनं सगळीकडून दाबून, वाकवून, फिरवून बघितलं. गुडघ्याला राग आलाय, एवढंच, म्हणाला. बर्फ, विश्रांती आणि मग परत हळूहळू. फौजदारानं मात्र तिची अशी हजेरी घेतली की मी उठून खोलीबाहेर गेले. तुझी बायको मान खाली घालून "चुकलं" म्हणाली. इतरांना कार्ड दाखवणारी बाई स्वतःची चूक किती सरळ घेते!

काल तू दोनदा फोन केलास. दुसऱ्यांदा मी विचारलं, "देऊ का तिला?" तू म्हणालास, "नको, झोपू दे." संध्याकाळचे सहा वाजले होते, बाळा. ती समोर बसून संत्रं सोलत होती. तिनं अर्धं संत्रं मला दिलं आणि विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "गुडघ्याची चौकशी करतो." ती म्हणाली, "कुणाच्या?" मी म्हटलं, "तुझ्या."  तिनं उरलेलं अर्धंही मलाच दिलं.

आई


२२ एप्रिल

प्रिय लेकास,

काल तिचा सामना झाला. वरच्या लीगचा नाही, शाळेतल्या पोरांचा. मैदानाच्या एका कोपऱ्यात गवत नाही, आणि प्रेक्षक म्हणजे पोरांचे आईबाप. आईबापांइतके वाईट प्रेक्षक जगात कुठे नसतात.

मी बाकावर. थर्मासचं झाकण उघडायला हात होईना. पहिल्यांदा ती पळाली तेव्हा मी तिच्या पायाकडेच बघत होते, चेंडू कुठे आहे देव जाणे. ती मात्र पायाकडे एकदाही बघत नव्हती. फौजदारही आली होती, माझ्या शेजारी बसून नखं खात होती. मी तिला म्हटलं, "तू तर म्हणालीस पूर्ण बरी आहे." ती म्हणाली, "आहे हो आजी. तरी."

उत्तरार्धात एक गोल झाला. चेंडू आत ढकलताना पोराचा हात लागला होता. ती अगदी जवळ होती, धावत होती, आणि ती वळली. त्याच पायावर, तशीच गर्रकन. मी डोळे मिटले. शिट्टी ऐकू आली. डोळे उघडले तर ती उभी होती, हात वर केलेला. गोल नाही.

मग काय, पोरांच्या आया, बाप, एक आजोबा, सगळे उठले. "बाई, डोळे आहेत का?" मी इतकी वर्षं बाकावर गप्प बसते, तिनंच घातलेला नियम आहे तो. काल मी उठले. गुडघा धरून, पण उठले. त्या आजोबांना म्हटलं, "तुमच्यापेक्षा चांगले आहेत. दुकानात या, तपासून देईल."

तेवढ्यात ज्याचा गोल होता तो पोरगा, एवढासा, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "लागला होता हात."  तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खेळ सुरू केला.

परत येताना मी तिला सांगितलं की मी डॉक्टरकडे जाणार आहे. माझा गुडघा बदलून घ्यायचाय. डॉक्टर केव्हाचा म्हणतोय, मी टाळतेय, तुला सांगितलं नव्हतं. भीती वाटत होती. भीती अजूनही वाटते. पण समोर बसून पांढरा टॉवेल दाबणारं माणूस इतके महिने बघितल्यावर निळ्या टॉवेलवाल्या बाईला फार कारणं सांगता येत नाहीत.

आई


१३ मे, हॉस्पिटल

आईंच्या हाताला सलाईनची सुई आहे, म्हणून त्या सांगतायत आणि मी लिहितेय. अक्षर ओळखशीलच.

आई म्हणतात, ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला, दुखतंय पण सहन होतंय. आज त्यांना धरून उभं केलं. त्या डॉक्टरला म्हणाल्या, "पुढे सरका, जागा द्या," आणि चार पावलं चालल्या.

आई म्हणतात, लिही की माझ्या सुनेनं गेल्या आठवड्यात एक रात्र झोप न घेता...

हे मी लिहिणार नाही असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणतात, पत्र माझं आहे, मी सांगेन ते लिहायचं. मी म्हटलं, पेन माझं आहे. त्या म्हणतात, लिही की ही फार हट्टी आहे. हे लिहिलं.

आई म्हणतात, लिही की अशी मुलगी मी पोटची मागितली असती तरी

आई झोपल्या. औषधाची गुंगी आहे. वाक्य पुरं झालं नाही, मी ते पुरं करणार नाही.

आता माझं. त्या तुला पत्रं लिहितात हे मला सप्टेंबरपासून माहीत आहे. पाकिटं टपालात मीच टाकत होते. त्यात काय असतं ते मी विचारलं नाही, पण त्यांचा स्वभाव बघता माझं कौतुक फार झालं असणार. निम्मं सोडून दे. मी खूप रडले, खूप चिडले, एकदा तो पांढरा टॉवेल खिडकीतून खाली फेकला आणि ड्रायव्हरकाकांनी तो आणून दिला. आणि जेव्हा जेव्हा मी आता बास म्हणाले, तेव्हा तुझी आई स्वतःचा तो झिजलेला गुडघा घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, "चल, दाब." कौतुक करायचं असेल तर त्यांचं कर.

यादीची चाचणी यंदा लवकर ठेवलीय, पुढच्या महिन्यात आहे. मी देणार आहे. पास झाले तर पुढचा हंगाम इथेच. त्यानंतरचं मला माहीत नाही, ते बसून बोलावं लागेल. शिट्टी की मी, असं तू विचारलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत तू निघून गेलास. माझं उत्तर दोन्ही असं होतं. अजून तेच आहे.

टपालाला वेळ लागेल, म्हणून या कागदांचा फोटो काढून पाठवतेय.

आईंना शुक्रवारी सकाळी सोडतायत. आपला जिना तुला माहीत आहे, अरुंद आणि वळणाचा. एका बाजूनं त्यांना मी धरेन, माझा गुडघा आता तेवढा पक्का आहे. दुसऱ्या बाजूला एक माणूस लागेल. ड्रायव्हरकाका येतो म्हणालेत. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.